घरच्या बीपी-शुगरच्या पेशंटला गावच्याच दवाखान्यातून नीट कसं सांभाळायचं

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात औषधाच्या खिडकीवर बसतो. खिडकीतून कागद येतो, मी गोळ्या मोजून देतो, आणि बीपी-शुगरचे पेशंट गोळ्या कधी आणि कशापायी बंद करतात ते रोज डोळ्यानं बघतो. मागच्या सोयाबीन सोंगणीच्या वेळी एक काकू अडीच महिन्यानं आल्या, त्याही नातवाच्या तापासाठी. मी विचारलं, काहून काकू, तुमच्या गोळ्या न्यायले आल्या नाई? तर म्हणे, "मले आता बीपी नाई ना भाऊ, सिस्टरनं मोजला तं नार्मल निंगाला, मंग काहून खाऊ?" तिथंच बसवून मोजला तर १९० वर ११०.

नॉर्मल निघाला होता तो गोळीमुळेच. मोटर चालू आहे तोवर ओलीत होते, बंद केली की पाणी थांबते, बीपीच्या गोळीचं तसंच आहे. आणि बीपी वाढला म्हणून काही दुखत नाही, चक्कर येईलच असंही नाही, त्यामुळे माणसाला वाटते आपण ठणठणीत आहो. गडचिरोलीच्या 'सर्च' संस्थेनं ८६ गावांत मृत्यूची कारणं तपासली होती, तो अभ्यास २०१५ साली छापून आला, त्यात पहिल्या नंबरवर लकवा होता. शहरात नाही, आपल्या खेड्यात. आणि लकव्याचं सगळ्यात मोठं कारण म्हणजे न सांभाळलेला बीपी. म्हणून हे सगळं सविस्तर लिहितो आहे, ज्यांच्या घरी माय, बाप, आजी, बुढा कोणी गोळ्यावर आहे त्यांनी एकदा शेवटपर्यंत वाचा.

सुरुवात एका वहीपासून करा

दहा-वीस रुपयाची वही घ्या आणि एक कापडी पिशवी. सगळे कागद, रिपोर्ट, गोळ्या त्या पिशवीत, आणि पिशवी घरात एकाच खुंटीला, म्हणजे रात्री-बेरात्री शोधाशोध नाही. वहीच्या पहिल्या पानावर पेशंटचं नाव, वय, कोणता आजार कोणत्या सालापासून, कोणत्या औषधाची अ‍ॅलर्जी, आणि आपल्या भागात महत्त्वाचं म्हणजे सिकलसेलची (रक्ताचा पिढीजात आजार) तपासणी झाली आहे का आणि काय निघालं. हे शेवटचं काहून सांगतो, तर तीन महिन्याच्या शुगरची सरासरी सांगणारी जी एचबीए१सी टेस्ट असते ती सिकलसेल असलेल्या माणसात चुकीचा आकडा दाखवू शकते. डॉक्टरला माहीत असलं तर ते उपाशीपोटीच्या आणि जेवणानंतरच्या शुगरवर भर देतात.

दुसऱ्या पानापासून तारीख, बीपी, शुगर आणि त्या दिवशी काय वेगळं झालं ते. उदाहरणार्थ "दोन दिवस गोळी नव्हती", "लग्नात जेवण", "दिवसभर कापूस वेचला, दुपारी जेवण नाही". एवढीशी ओळ डॉक्टरच्या खूप कामाची असते. बाजाराच्या दिवशी ओपीडीत शंभराच्या वर माणसं असतात, एका पेशंटला दोन-तीन मिनिटं भेटतात, त्या वेळात आजी "बरं नाई वाटून राह्यलं" एवढंच सांगते आणि निघून येते. वही असली तर डॉक्टर ती उलटवतात आणि दोन मिनिटात सगळं कळते.

बीपी मोजायची पण पद्धत आहे

चार किलोमीटर पायी किंवा सायकलनं आलेल्या माणसाचा बीपी लगेच मोजला तर तो जास्तच दाखवणार. पाच मिनिटं शांत बसू द्या. अर्धा तास आधी चहा, बिडी, खर्रा (सुपारी-तंबाखू) काही नाही. लघवी लागली असेल तर आधी जाऊन या. पाठ टेकवायची, दोन्ही पाय जमिनीवर, पायावर पाय नाही, हात टेबलावर छातीच्या उंचीला. पट्टा उघड्या दंडावर, जाड स्वेटरवरून नाही, आणि मोजताना बोलायचं नाही. मिनिटभरानं दुसऱ्यांदा मोजायला लावा, सिस्टर नाराज होत नाही, सांगून पाहा.

१४० वर ९० किंवा त्याच्या वर वेगवेगळ्या दिवशी निघत असेल तर तो वाढलेला बीपी, एका दिवसाच्या आकड्यावरून घाबरू नका. शुगर उपाशीपोटी १२६ किंवा जास्त, नाहीतर जेवणानंतर दोन तासांनी २०० किंवा जास्त निघाली तर डॉक्टर पुन्हा तपासून डायबिटीस ठरवतात. हे मोजायला तालुक्याला जायची गरज नाही, गावच्या उपकेंद्रात, ज्याला आता आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणतात, तिथं समुदाय आरोग्य अधिकारी बसतात, त्यांच्याकडं बीपीचं मशीन आणि शुगरची पट्टी असते, आणि तीस वर्षाच्या वरच्या सगळ्यांची तपासणी तिथं होते. ई-संजीवनीवरून ते डॉक्टरशी मोबाइलवर बोलणं पण करून देतात, रेंज असली पाहिजे फक्त.

दवाखान्यात जायच्या दिवशी

इथं एक चूक मी शेकडो वेळा पाहिली आहे. तपासणी आहे म्हणून लोक बीपीची गोळी पण न घेता येतात, बीपी वाढलेला निघते, डॉक्टर डोस वाढवून देतात, घरी गेल्यावर पेशंट दोन्ही नीट घ्यायला लागला की बीपी एकदम खाली येते आणि माणूस न्हाणीत चक्कर येऊन पडते. बीपीची सकाळची गोळी रोजच्या टायमाला दोन घोट पाण्यासोबत घेऊनच यायचं. शुगरची गोळी मात्र, उपाशीपोटीची टेस्ट असेल तर, रक्त देऊन खाल्ल्याच्या वेळीच. भाकरीचा डबा सोबत ठेवा, आणि स्टँडवर चहा पिऊन मग "उपाशी आहो" असं सांगू नका.

आत गेल्यावर तीन गोष्टी सांगायच्याच. गोळ्या खरोखर किती दिवस चुकल्या, हे लपवू नका, कोणी रागावलं तरी चालते. बाहेरून दुसरं काय काय घेता, म्हणजे दुखण्याच्या गोळ्या, जडीबुटी, खाजगी डॉक्टरची औषधं. आणि नवीन त्रास कोणता. पाय सुजणं अ‍ॅम्लोडिपिन नावाच्या बीपीच्या गोळीनं होऊ शकते, कोरडा खोकला एनालाप्रिल या बीपीच्याच गोळीनं होऊ शकते, दोन्हीला पर्याय आहे, डॉक्टर गोळी बदलून देतात. लोक काय करतात, पाय सुजले की "किडनी चालली" म्हणून गोळीच बंद करतात. आणि घरातल्या सुनेला कमी वयात बीपी असेल आणि दिवस राहिले किंवा ठेवायचे असतील तर ते पहिल्यांदा सांगा, टेल्मिसार्टन, एनालाप्रिलसारख्या गोळ्या गरोदरपणात चालत नाहीत.

वर्षातून एकदा तरी क्रिएटिनिन (किडनीसाठीची रक्ततपासणी), लघवीतलं प्रोटीन, आणि शुगरच्या पेशंटचे डोळे आणि पाय तपासायला सांगा. आपणहून आठवण करा. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या प्राथमिक आरोग्य केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत केसपेपर आणि तपासणी-उपचार फुकट आहेत, त्यामुळे पैशापायी थांबू नका.

गोळ्यांचं

सरकारी पुरवठ्यात कंपनी बदलली की गोळीचा रंग आणि आकार बदलते. मागच्या महिन्यात पांढरी होती, या महिन्यात गुलाबी, तर माणसं म्हणतात ही हलकी आहे, ही मले लागू पडत नाही. रंगाकडं पाहू नका, पाकिटावरचं नाव आणि मिलीग्रॅम पाहा. बीपीची टेल्मिसार्टन ४० म्हणजे ४०, कोणत्याही रंगाची असो. याच्या उलटं पण होते आणि ते जास्त धोक्याचं आहे. पोरगा नागपुरात राहते, तो मायला तिथल्या डॉक्टरला दाखवते, तिथून महागाच्या गोळ्या येतात, इथून आम्ही देतो त्या पण चालू, आणि दोन्ही पाकिटात औषध एकच, नाव फक्त वेगळं. मागे एक आजोबा असे डबल डोसवर होते, उठले की डोळ्यापुढं अंधारी यायची. म्हणून पिशवीतल्या सगळ्या गोळ्या, झाडून सगळ्या, दर वेळी खिडकीवर दाखवा. आम्हाला तपासायला एक मिनिट लागते.

ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी सकाळच्या पाकिटावर स्केचपेननं सूर्य आणि रात्रीच्या पाकिटावर चांद काढून द्या. पट्टी कापताना नाव आणि एक्स्पायरी छापलेला भाग शेवटपर्यंत ठेवा. सकाळची गोळी चहासोबत जोडा, किंवा देवपूजेसोबत, रोज होते अशा कामाला बांधली की विसरत नाही. एखाद्या दिवशी चुकली तर दुसऱ्या दिवशी दोन घ्यायच्या नाहीत. आणि पाच-सहा गोळ्या उरल्या असतानाच पुढच्या न्यायला या, संपल्यावर पोळा, मग पाऊस, मग फवारणी, असं करत महिना जाते.

शुगरच्या गोळ्यांपैकी मेटफॉर्मिन जेवणासोबत, नाहीतर पोट बिघडते. ग्लिमेपिराइड जेवणाच्या आधी घेतात, पण घेतली की जेवायचंच. ही गोळी घेऊन माणूस वावरात गेला आणि दुपारी दोनपर्यंत पोटात काही नाही तर शुगर खाली जाते, दरदरून घाम, हात थरथर, डोकं काम करत नाही, बायको म्हणते हा बडबडून राह्यला. तीन चमचे साखर पाण्यात घोळून लगेच द्या, पंधरा मिनिटात पुन्हा पाहा, बरं वाटलं की भाकर खाऊ घाला. बेशुद्ध असेल तर तोंडात काही ओतू नका, १०८ लावा. शुगरच्या माणसानं वावरात जाताना खिशात साखरेची पुडी ठेवावीच. एकादशी, नवरात्राचे उपास करायचे असतील तर आठ दिवस आधी डॉक्टरला सांगून गोळीचं प्रमाण ठरवून घ्या, साबुदाणा चालते असं समजू नका.

सलाइनबद्दल मला जास्त लिहायचं आहे

आपल्याकडं अंग दुखलं, थकवा आला की माणूस म्हणते सलाइन लावा, ताकत येते. दवाखान्यानं नाही म्हटलं तर गावात कोणीतरी मोटरसायकलवर येणारा डॉक्टर म्हणवणारा असतेच, खाटेवर झोपवून बाटली खुंटीला टांगते आणि पाचशे रुपये घेते. आता हिशोब करून पाहा. साध्या सलाइनची ५०० मिलीची बाटली, त्यात ०.९ टक्के मीठ, म्हणजे साडेचार ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना माणसाला पूर्ण दिवसात पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ खा म्हणते. म्हणजे बीपीच्या माणसाला आपण पैसे देऊन तासाभरात दिवसभराचं मीठ सरळ नसेत घालतो. दुसरी बाटली ग्लुकोजची, ५ टक्केवाली, त्यात २५ ग्रॅम साखर, ती शुगरच्या पेशंटला लावलेली मी स्वतः पाहिली आहे. सलाइन लागते ते उलटी-जुलाबानं शोष पडला, माणूस तोंडानं घेऊ शकत नाही, रक्तदाब पडला अशा वेळी, आणि ते डॉक्टर ठरवणार. नुसत्या थकव्याला बाटलीत ताकत नाही, थकवा कशामुळं आहे ते रक्त तपासून कळते, बऱ्याच बायांमधे हिमोग्लोबिन कमी असते.

तसंच गुडघेदुखीची पुडी. बिननावाची, कागदात बांधलेली, दोन दिवसात माणूस पळायला लागते. यात बऱ्याचदा स्टेरॉइड असते, त्यानं शुगर भडकते, बीपी वाढते, चेहरा सुजते. किराणा दुकानातून घेतलेल्या डायक्लोफेनॅकसारख्या दुखण्याच्या गोळ्या रोज घेतल्या तर किडनीवर येते, बीपीच्या गोळीचं काम पण बिघडते. कापूस वेचणीच्या दिवसात कंबर मोडते हे मला माहीत आहे, माझ्या घरी पण वावर आहे. पण दुखण्यासाठी काय घ्यायचं ते खिडकीवर विचारा, पॅरासिटामॉल बऱ्याच जणांना चालते, डोस आम्ही सांगतो.

खाणं आणि खर्रा

घरात वेगळा स्वयंपाक करायची गरज नाही. ज्वारीची भाकर, तुरीचं वरण, पालेभाजी हे चांगलंच आहे, भाकर पण मोजून. कमी करायचं ते लोणचं, पापड, कुरड्या, ठेचा आणि ताटात वरून घेतलेलं मीठ. दिवसभरात एका माणसाला सगळं मिळून एक छोटा चमचा मीठ, याच्या वर नाही. भंडारा-गोंदिया-गडचिरोलीकडं दोन्ही वेळ भात असते, तिथं भात अर्धा आणि वरण-भाजी दुप्पट. दिवसात चार-पाच चहा होतात, त्यातली साखर कोणी धरतच नाही.

खर्ऱ्याचं बोलणं लोकांना आवडत नाही. पण तंबाखू तोंडात ठेवली की त्यातलं निकोटिन रक्तात जाऊन नसा आवळते आणि बीपी वाढवते, दिवसातून दहा खर्रे खाणाऱ्याला गोळी किती लागू पडणार. एकदम सुटत नसेल तर पहिले सकाळचा खर्रा अर्धा तास पुढं ढकला, मग एक-एक कमी करा. बायांचा गुडाखू पण तंबाखूच आहे.

उन्हाळा

एप्रिल-मे मधे पारा ४५ च्या आसपास जाते, घामावाटे पाणी-मीठ जाते, आणि त्यावर बीपीच्या गोळ्या चालू, तर बीपी कधी कधी जास्तच खाली येते. उठताना चक्कर येत असेल तर उन्हाळ्यात एकदा मोजून डोस तपासून घ्या, आपल्या मनानं बंद करू नका. उलटी-जुलाब लागले असतील, खाणं-पिणं तुटलं असेल तर लघवीची गोळी (बीपीसाठी दिलेली, लघवी जास्त करणारी), टेल्मिसार्टन आणि मेटफॉर्मिन त्या दिवशी घ्यायची की नाही हे आधी सिस्टरला किंवा डॉक्टरला फोन करून विचारा, शोष पडलेल्या अंगात या गोळ्या किडनीला जड जाऊ शकतात. ओआरएसचं पाकीट एक लिटर पाण्यात पूर्ण टाकायचं, अर्धं-अर्धं नाही.

इन्सुलिन घेणाऱ्यांचा प्रश्न वेगळा. फ्रीज नाही, असला तर लाइन नाही. नवा मातीचा माठ घ्या, तळाशी थोडं पाणी, इन्सुलिनची बाटली झाकणाच्या प्लास्टिक डब्यात घट्ट बंद करून आत ठेवा, माठाला बाहेरून ओलं फडकं, जागा सावलीची आणि हवेची. फ्रीज असेल तर दारात, बर्फाच्या कप्प्यात कधीच नाही, गोठलेलं इन्सुलिन फेकायचं. वापरायला काढलेली बाटली साधारण चार आठवड्यात संपवायची, तारीख वर लिहून ठेवा. मोटरसायकलच्या डिक्कीत उन्हात ठेवलेलं इन्सुलिन काम करत नाही आणि शुगर काहून वाढली हे कोणालाच समजत नाही.

पाय

शुगरमुळे पायाची जाणीव कमी होते. पऱ्हाटीचं खुंट, बाभळीचा काटा रुतते आणि माणसाला रात्री घरी आल्यावर रक्त दिसते. वावरात अनवाणी नाही, बूट घालायच्या आधी उलटा करून झटका. रोज रात्री पाय धुवून, बोटांच्या मधी कोरडं करून, तळवा दिव्याखाली पाहा, म्हाताऱ्या माणसाला दिसत नसेल तर नातवाला हे काम द्या. जखम दिसली की हळद-तेल करत आठ दिवस बसायचं नाही, दुसऱ्या दिवशी दवाखाना. पाय कापायची पाळी येते ती या आठ दिवसात.

लकवा किंवा छातीत दुखलं तर

तोंड एका बाजूला वाकडं, एक हात वर उचलत नाही, बोलणं अडखळते किंवा समजत नाही. यातलं एक जरी अचानक झालं तरी वेळ बघा आणि १०८ लावा. माणूस शेवटचा ठीक कधी दिसला तो टाइम वहीत लिहा, कारण मेंदूच्या नसेतली रक्ताची गाठ विरघळवायचं इंजेक्शन त्या वेळेपासून साडेचार तासांच्या आतच देता येते, आणि त्याआधी सीटी स्कॅन लागते. आमच्यासारख्या केंद्रात स्कॅन नाही. गाडीवाल्याला पहिलेच विचारा, सीटी स्कॅन कुठं चालू आहे, जिल्ह्याला का मेडिकल कॉलेजला, मधे दोन ठिकाणी थांबून वेळ घालवू नका. कबुतराचं रक्त चोळणं, मालिशवाल्याकडं नेणं, यात तेच साडेचार तास जातात. पाणी पाजू नका, ठसका लागून फुप्फुसात जाते. घरची बीपीची गोळी जिभेखाली ठेवू नका. एका कुशीवर झोपवा. शुगरचा पेशंट असेल आणि मशीन जवळ असेल तर शुगर तपासा, खूप खाली गेलेली शुगर हुबेहूब लकव्यासारखी दिसते.

छातीत दाबल्यासारखं, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, घाम, हे गॅस म्हणून सोडा पिऊन घालवू नका. शुगरच्या माणसाला छातीत न दुखता नुसता दम आणि घाम येऊन पण अटॅक येऊ शकते. बीपी १८० वर १२० च्या वर निघाला आणि सोबत डोकं फुटते, अंधुक दिसते, दम लागते असं असेल तर तसंच १०८. त्रास काहीच नसेल तरी त्याच दिवशी डॉक्टरला दाखवा.

जाताना ती पिशवी घ्या, त्यात रेशन कार्ड आणि आधार कार्डची झेरॉक्स आधीच ठेवलेली असू द्या. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखापर्यंतचं संरक्षण आहे, योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्राचा टेबल असते, भरती झाल्या-झाल्या तिथं कागद दाखवा, बिल झाल्यावर नाही.

मिरची तोडायला किंवा कामाला बाहेर जाणाऱ्यांसाठी

चंद्रपूर-गडचिरोलीकडून पुष्कळ माणसं तेलंगणात मिरची तोडायला जातात, आमच्याकडून ऊसतोडीला जातात, आणि महिना-दोन महिने गोळ्या बंद. निघायच्या आठ-दहा दिवस आधी खिडकीवर येऊन सांगा किती दिवस जाणार, स्टॉक असला तर डॉक्टरच्या सहीनं जास्त दिवसाच्या गोळ्या देता येतात. वहीच्या शेवटच्या पानाचा मोबाइलवर फोटो काढून न्या, त्यावर चालू गोळ्यांची नावं आणि मिलीग्रॅम लिहिलेले असले की तिथल्या सरकारी दवाखान्यात भाषा समजली नाही तरी तो फोटो दाखवून त्याच गोळ्या मागता येतात. परत आल्यावर पहिल्या आठवड्यात बीपी मोजून घ्या, जे निघेल ते लिहा, आणि वही घेऊन या.